चोरटी प्रत आणि न विकलेलं तिकीट



आजचा विषय प्रश्नाच्या रूपात ठेवला आहे: सिनेमाच्या चोरट्या प्रतींमुळे टॉकीजच्या गल्ल्याचं खरोखर नुकसान होतं का? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला गल्ल्यातलं काय कळतं, असं तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल. बरोबर आहे. हिशेब करणारे हिशेब करतीलच. पण 'नुकसान झालं' हे वाक्य नेमकं काय सांगतं आणि ते कशाच्या जोरावर खरं ठरतं, हे तपासणं आमच्या विषयाचं काम आहे. तेवढंच आज करू.

सुरुवात एका आकड्यापासून करू, कारण या वादात तोच सारखा फेकला जातो. २०२४ च्या ऑक्टोबरात 'द रॉब रिपोर्ट' नावाचा अहवाल आला. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना, दोघांनी मिळून काढलेला. २०२३ साली भारतातली पायरसीची अर्थव्यवस्था २२,४०० कोटी रुपयांची होती, असं त्यात म्हटलं. पैकी १३,७०० कोटी टॉकीजमधून उचललेल्या सिनेमांचे, ८,७०० कोटी ओटीटीवरून उचललेल्या मालाचे. अहवालाचा शब्द 'अर्थव्यवस्था' असा होता. पण चर्चेत येता येता तो गळाला आणि त्या जागी 'नुकसान' येऊन बसला. एवढासा बदल, पण सगळा घोळ तिथेच आहे.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. त्याच २०२३ सालात देशभरच्या सगळ्या टॉकीजचा, सगळ्या भाषांचा मिळून गल्ला सुमारे १२,००० कोटी होता. आणि ते वर्ष पडेल नव्हतं बरं का. 'पठाण', 'जवान', 'गदर २', 'अ‍ॅनिमल' हे सगळे त्याच वर्षातले. १३,७०० कोटींना नुकसान म्हणायचं असेल तर असं मानावं लागतं की चोरट्या प्रती नसत्या तर या देशाचा गल्ला दुपटीच्याही वर गेला असता. जेवढी तिकिटं विकली, त्याहून जास्त तिकिटं केवळ प्रतींमुळे विकली गेली नाहीत. हे कोणी सरळ शब्दांत विचारलं तर निर्मातेसुद्धा मान हलवायला कचरतील. तरी 'नुकसान' म्हणून तोच आकडा भाषणांत फिरतो.

घोटाळा कुठे होतो ते सांगायला आम्हाला जुन्या ग्रंथांकडे जावं लागतं. आपल्याकडच्या प्रमाणशास्त्रात 'अभाव कसा कळतो' यावर मोठा वाद झाला. जमिनीवर घडा नाही, हे मला कशाने कळलं? नैयायिक म्हणाले, अभावसुद्धा प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिलाचे अनुयायी मीमांसक आणि पुढे वेदान्ती म्हणाले, नाही, त्यासाठी वेगळं प्रमाण लागतं: अनुपलब्धी. घडा दिसत नाही, म्हणून तो नाही. पण त्यांनी लगेच एक अट घातली, आणि आम्हाला वाटतं की सगळं शहाणपण त्या अटीत आहे. नुसती अनुपलब्धी चालत नाही, 'योग्य' अनुपलब्धी लागते. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मध्ये भिंत नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि भुताचं तर बोलायलाच नको. ते उजेडातही दिसणार नसतं, त्यामुळे 'दिसलं नाही म्हणून नाही' हा न्याय त्याला लागू होत नाही.

'न विकलेलं तिकीट' हा असाच एक अभाव आहे. ते विकलं गेलं नाही, हे खरं. पण ते चोरट्या प्रतीमुळे विकलं गेलं नाही, असं म्हणायला तिथे योग्यता हवी. प्रत नसती तर ते विकलंच गेलं असतं, अशी परिस्थिती हवी. म्हणजे पोहोचता येईल अशी टॉकीज हवी, तिथे तो सिनेमा लागलेला हवा, खिशात तिकिटाएवढे पैसे हवेत आणि तेवढे पैसे मोडून पाहण्याची इच्छाही हवी. यातलं एक जरी नसेल तर मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमातून न विकलेलं तिकीट मोजणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत घडे मोजणं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. सात तालुके, २०११ च्या जनगणनेत साधारण बारा लाख माणसं. यातल्या बहुतेक गावांच्या आसपास आज चालू टॉकीज नाही. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. लाखांदूरहून शंभरच्या वर. चार माणसांचं कुटुंब मल्टिप्लेक्समध्ये पिच्चर पाहायला निघालं तर एसटीचं भाडं (२०२३ पासून बायांना अर्धं, तेवढाच आधार), चार तिकिटं, दुपारचं जेवण, आणि घरी यायला रात्र. धानाच्या रोवणीला एक बाई दिवसभर बांधीत वाकते तेव्हा काय हाती येतं ते तुम्हाला माहीत आहे. हा खर्च तिच्या किती दिवसांचा, ते घरी गेल्यावर मांडून बघा. तिच्या पोराने मित्राच्या मोबाइलवरून टेलिग्रामवरचा सिनेमा घेतला, तर मुंबईतल्या निर्मात्याचं अमुक रुपयांचं तिकीट बुडालं, हे वाक्य खोटं आहे. ते तिकीट कधी असणारच नव्हतं.

आपल्याकडे धान कापून, भारे बांधून खळ्यावर गेल्यावर बांधीत ज्या लोंब्या पडून राहतात, त्या वेचणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. तो सरवा. उभ्या पिकात विळा घालणारा मात्र चोर. दोघांच्याही टोपलीत धानच असतं, आणि नुसत्या टोपल्या मोजल्या तर दोघं सारखेच दिसतात. या अहवालाचा आकडा वापरणाऱ्यांनी टोपल्या मोजल्या.

इथवर ऐकून मागच्या रांगेतली पोट्टी खूश झालेली दिसतात. थांबा जरा. सरवा आणि उभं पीक हा फरक तुमच्यावरही उलटतो.

कारण प्रेक्षकांच्या बाजूनेही एक आळशी युक्तिवाद आहे, आणि त्याचं नाव 'सैराट'. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला लागला. काही दिवसांतच त्याच्या प्रती मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डात भरून मिळू लागल्या, पोलिसांत तक्रारी गेल्या. आणि त्याच चित्रपटाने शंभर कोटींचा आकडा ओलांडला, जो त्याआधी एकाही मराठी चित्रपटाने ओलांडला नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मग लोक म्हणतात, बघा, सगळ्यात जास्त प्रती 'सैराट'च्या निघाल्या, सगळ्यात जास्त कमाई 'सैराट'ची झाली, तेव्हा प्रतींनी काही बिघडत नाही, उलट जाहिरात होते.

हे अनुमान पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही पकडावं. जे पीक भरघोस येतं त्याच्यावर पाखरंही जास्त बसतात. म्हणून पाखरांमुळे पीक भरघोस आलं असं होत नाही, आणि पाखरांनी काही खाल्लं नाही असंही होत नाही. शंभर कोटी झाले, यावरून एकशे वीस झाले नसते हे कळत नाही. निर्माता न विकलेलं तिकीट नुसत्या कल्पनेने मोजतो आणि प्रेक्षक विकलेलं तिकीट दाखवून न विकलेलं पुसून टाकतो. चूक दोघांची एकच. प्रत नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

त्याच २०१६ मध्ये हिंदीतल्या दोन उदाहरणांनी हा प्रश्न फार स्पष्ट केला होता. 'उडता पंजाब' सेन्सॉरशी भांडून, मुंबई उच्च न्यायालयातून एका कापावर सुटून १७ जूनला लागायचा होता. त्याच्या दोन दिवस आधी त्याची प्रत इंटरनेटवर आली, आणि तिच्यावर सेन्सॉरसाठी दिलेल्या प्रतीची खूण होती. पुढच्याच महिन्यात 'ग्रेट ग्रँड मस्ती'ची प्रत प्रदर्शनाच्या कितीतरी आधी फुटली. २२ जुलैची तारीख घाईघाईने १५ जुलैवर आणली, तरी सिनेमा आपटला. पहिला बऱ्यापैकी चालला. आता दुसरा प्रतीमुळे आपटला की मुळातच आपटण्याच्या लायकीचा होता? एका सिनेमावरून हे ठरत नाही. आमचं मत विचाराल तर ते तुम्हाला माहीतच आहे, पण मत म्हणजे प्रमाण नव्हे.

एका सिनेमाने ठरत नाही म्हणून पुष्कळ सिनेमे घ्यावे लागतात, आणि हे काम परदेशी अर्थशास्त्रज्ञांनी केलं आहे. अमेरिकेतल्या चौघा संशोधकांचा २०१४ चा अभ्यास म्हणतो की प्रदर्शनाच्या आधी प्रत फुटली, तर ती प्रदर्शनानंतर फुटल्याच्या तुलनेत गल्ला सरासरी १९ टक्क्यांनी घटतो. एकोणीस टक्के थोडे नाहीत. हे उभं पीक. प्रदर्शनाआधी टॉकीजमध्ये सिनेमा लागलेलाच नसतो, आणि ज्याला सगळ्यात जास्त उत्सुकता असते, जो पहिल्या दिवशी तिकीट काढणारच असतो, तोच आधी प्रत शोधतो. योग्यता पूर्ण आहे. 'दिसलं नाही' म्हणण्याला इथे अर्थ आहे.

दुसरा अभ्यास आम्हाला त्याहून बोलका वाटतो. डॅनहर आणि वाल्डफोगेल या दोघांनी पाहिलं की अमेरिकेतला सिनेमा इतर देशांत किती आठवड्यांनी लागतो आणि तिथे किती कमावतो. बिटटोरंट आल्यावर, जिथे सिनेमा उशिरा पोहोचतो तिथलं उत्पन्न घटलेलं दिसलं. त्यांच्या अंदाजाने परदेशातला गल्ला सात टक्क्यांनी कमी. खुद्द अमेरिकेत, जिथे सिनेमा आधी लागतो, तिथे अशी घट आढळली नाही. म्हणजे प्रत शिरते ती उशिराच्या फटीतून.

हे वाचलं तेव्हा आम्हाला परदेश आठवला नाही, आपला जिल्हाच आठवला. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्यांना पिच्चरची 'पेटी' आठवत असेल. रिळांची पेटी मुंबई, नागपूर करत फिरत फिरत इकडच्या गावांत यायची तोवर गाणी जुनी झालेली असायची, आणि रिळावर इतके ओरखडे की पडद्यावर पाऊसच. मग ऐंशीच्या दशकात व्हिडीओ आला. गणपतीत, लग्नात, नाहीतर पोरांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन पिच्चर. त्या कॅसेटी बहुतेक चोरट्याच असत, पण पेटीच्या आधी पोहोचत. टॉकीजवाल्यांनी तेव्हा हाय खाल्ली, आणि ती खोटी नव्हती. टॉकीज होती, लोकांना सवय होती, तिकीट परवडत होतं. सिनेमा तेवढा वेळेवर नव्हता. तिथे प्रतीने तिकीट खाल्लं, हे म्हणता येतं. आज उपग्रहावरून सिनेमा एकाच शुक्रवारी सगळीकडे उतरवता येतो, पेटीची गरज राहिली नाही. पण तो उतरायला टॉकीज कुठे राहिली? उशीर संपला तेव्हा दारच बंद झालेलं होतं.

आता खरी काळजीची गोष्ट. मोठ्या हिंदी सिनेमाचं काय व्हायचं ते होईल, त्याचे वकील समर्थ आहेत. लहान मराठी सिनेमाचं काय?

इथे एक युरोपीय अभ्यास बरेच लोक दाखवतात. जानेवारी २०१२ मध्ये मेगाअपलोड हे प्रतींचं मोठं कोठार अमेरिकी सरकारने बंद पाडलं. त्यानंतर प्यूकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की पाचशेहून जास्त पडद्यांवर लागणाऱ्या मोठ्या चित्रपटांचा गल्ला वाढला, पण बाकीच्यांचा वाढला नाही, उलट कमी होण्याकडे कल दिसला. त्यांचं स्पष्टीकरण असं की प्रत पाहिलेला माणूस दुसऱ्याला सांगतो, आणि ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा नाही अशा लहान सिनेमाला ते सांगणंच तारतं. हे वाचून आपल्याकडचे काही जण म्हणतात, मग मराठी सिनेमाला प्रत उपकारकच की!

आम्हाला हे मान्य नाही. तोंडी सांगण्याचं तिकिटात रूपांतर व्हायला वेळ लागतो. आमच्या शेजाऱ्याने आज प्रत पाहिली, आम्हाला रविवारी सांगितली, आम्ही पुढच्या शनिवारी निघालो, तर तोवर सिनेमा टॉकीजमध्ये असायला हवा. लहान मराठी सिनेमाच्या वाट्याला काय येतं? दुपारचा एखादा खेळ, तोही नागपुरात एक-दोन ठिकाणी, आणि पुढचा शुक्रवार आला की उतरला. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा मोक्याच्या वेळी दाखवावा असा आदेश काढावा लागला, त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवा. आपल्या राज्यात आपल्या भाषेच्या सिनेमाला संध्याकाळची वेळ मागून घ्यावी लागते! अशा सिनेमाची कीर्ती प्रतीमुळे पसरली तरी ती पोहोचेपर्यंत तिकीटखिडकीवर दुसराच सिनेमा असतो. आणि त्या एका आठवड्यात जे पन्नास-साठ लोक येणार होते, त्यातले दहा प्रतीकडे वळले तर पुढच्या शुक्रवारी खेळ टिकवण्याचं कारणही जातं. मोठ्या सिनेमाला दहा माणसं म्हणजे काहीच नाही. इथे मात्र तेवढ्यावर सिनेमा मरतो. म्हणून आमचं म्हणणं असं की एकूण आकड्यात पायरसीचं नुकसान सांगतात तेवढं मुळीच नाही, पण जिथे ते होतं तिथे ते सगळ्यात गरीब माणसाच्या ताटातून जातं, आणि त्याचा आकडा इतका लहान की तो कोणत्याही अहवालात दिसणार नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने चोरून चित्रण करणं आणि अशी प्रत दाखवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद ठेवली आहे. दंड तीन लाखांपासून, आणि वरची मर्यादा निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दंड निर्मितीखर्चाला बांधला, नुकसानाला बांधला नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते असो, पण आम्हाला हे योग्य वाटतं. नुकसान सिद्ध झालं तरच गुन्हा, असं ठेवलं असतं तर प्रत्येक खटल्यात घडे मोजत बसावं लागलं असतं. शेजाऱ्याचा बैल न विचारता नेऊन कोणी नांगराला जुंपला आणि संध्याकाळी धुऊन-पुसून परत बांधला, तर नुकसान शून्य आणि चूक तरीही पुरी. नुकसान आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्मात्यांनी अपराध सिद्ध करण्यासाठी नुकसान फुगवलं, आणि प्रेक्षकांनी नुकसान खोटं ठरलं म्हणून अपराधही पुसला. दोन्ही बाजूंनी हा एकच गोंधळ चालवला आहे.

शेवटी झाडीपट्टीचं सांगितल्याशिवाय या मातीत हे व्याख्यान पुरं होणार नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात दिवाळी झाली की मंडया भरतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक नाहीतर दंडार. लाखांदूरपासून जवळच्या वडशाला नाटक मंडळ्यांची कचेऱ्यांवर कचेऱ्या. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, मांडव घालतं, तिकीट लावतं. थंडीत शाल गुंडाळून माणसं पहाटेपर्यंत बसतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटाला पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतल्या पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आता प्रश्न असा: याच माणसांच्या हातात मोबाइल आहे, याच मोबाइलवर नवा सिनेमा फुकट येतो, झाडीपट्टीच्या नाटकांची चित्रणंही इंटरनेटवर पडलेली आहेत. तरी हे तिकीट काढतात. म्हणजे 'गावच्या लोकांना फुकटाची सवय लागली' हे म्हणणं टिकत नाही. नाटक त्यांच्या गावात येतं, त्यांना परवडेल त्या दरात येतं, आणि ज्या रात्री लेक माहेरी आलेली असते त्या रात्री येतं. ती रात्र प्रतीत भरून मिळत नाही. सिनेमातही हेच दिसलं आहे. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला लागला तेव्हा टेलिग्राम होतंच. तरी बाया गटागटाने, नटूनथटून टॉकीजात गेल्या आणि सत्तर कोटींच्या वर गल्ला झाला. त्यांनी सोबतीने जाण्यासाठी पैसे दिले.

त्या रॉब रिपोर्टमध्येच एक आकडा आहे, जो भाषणांत सहसा येत नाही. चोरटा माल पाहणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांनी सांगितलं की जाहिराती सोसून का होईना, पण अधिकृतपणे फुकट मिळालं तर आम्ही तिकडे जाऊ. १३,७०० कोटींपेक्षा या आकड्यावर निर्मात्यांनी जास्त वेळ घालवायला हवा होता.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: 'सर, मग प्रत पाहावी की नाही, एका शब्दात सांगा.' एका शब्दात नाही जमणार. सिनेमा अजून लागायचा आहे आणि त्याची प्रत फिरते आहे, तर ती पाहू नका. मराठी सिनेमा नागपुरात किंवा जवळच्या टॉकीजला लागला आहे आणि तुम्हाला जाणं शक्य आहे, तर पहिल्या आठवड्यात जा. दुसऱ्या आठवड्याची वाट पाहाल तर तो नसेल. जाणं शक्यच नाही, तर ओटीटीवर येईपर्यंत थोडं थांबा, आणि जवळच्या टॉकीजवाल्याला एक फोन करून विचारा की हा सिनेमा का लावला नाही. पाच जणांनी विचारलं तर तो निदान विचार करतो.

दुसरी चिठ्ठी झाडीपट्टीच्या नाटकांचं मोबाइलवर चित्रण करण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर मंडळाच्या आणि मंडळीच्या करारात काय ठरलं आहे त्यावर अवलंबून राहील. नाटक ठरवायला वडशाला जाल तेव्हा तिथल्या कचेरीतच ते विचारून घ्या, आणि मांडवाच्या दारावर तसा फलक लावा.